पाण्यात पाहिलेला अनंत

माझ्या धाकट्या जावेचं कधी काही बिघडत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. तिचं दही भर उन्हाळ्यात आंबत नाही. तिच्या लोणच्यावर बुरशी चढत नाही. ती दोरीवरचे कपडे काढून जिन्यात पाऊल टाकते आणि मग सर येते; माझे कपडे मात्र चिंब. बीडमध्ये आमचं घर एकच आहे. खाली मी, वर ती, आणि त्याच्यावर दोघींची मिळून गच्ची. गच्चीच्या पूर्वेला माझ्या कुंड्या, पश्चिमेला तिच्या, मधे कपड्यांच्या दोऱ्या. दोऱ्यांवर चादरी असल्या की तिची बाजू दिसत नाही. मग मी चादर बाजूला सारून बघते.

ती तेलगावच्या बाजूला एका शाळेत शिकवते. सकाळी जाते ती संध्याकाळीच उगवते. झाडांना पाणी घालायला तिला वेळ कुठला. आठवण झाली तर एक तांब्या, नाही झाली तर नाही. असं असून तिची मधुमालती जिन्याच्या भिंतीवर चढून पलीकडं उतरली, आणि तिच्या कुंदाला इतकी फुलं की खाली सडा पडतो आणि तो झाडायला वेळ मला असतो. मी दिवसभर घरी. पानं पुसते, वाळकी काडी काढते, मुंगी दिसली तर हळद टाकते. गुलाब माझा, पण कळ्या मोजक्या. आमचे हे एकदा म्हणाले, तू तिला पाण्यात पाहतेस. मी म्हणाले, पाणी असतं कुठं बघायला, नळ येतो कधी.

पण कुंद आणि मधुमालतीवरून मी एवढी पेटले नसते. खरी गोष्ट अनंताची होती.

चकलांब्याला माझ्या माहेरी अंगणात आईनं लावलेला अनंत होता. आई रोज सकाळी त्याचं फूल देवाला वाहायची आणि त्यानंतरच चहा प्यायची. माझ्या भावानं अंगणात स्लॅबची खोली काढायची ठरवली तेव्हा ते झाड नेमकं पायाच्या मधे आलं. आईनं त्याला अडवलं नाही. तिनं फक्त आधी दोन फांद्यांची साल गोल सोलून घेतली, तिथं शेणमातीचा गोळा लावला, वर चिंधी बांधली आणि ती रोज ओली ठेवली. याला गुटी म्हणतात. चिंधीत मुळं फुटली की फांदी खालून कापायची, झालं नवं झाड. मग झाड तोडलं, आणि आई त्या दोन गुट्या पिशवीत घालून एसटीनं बीडला आली. त्या दिवशी माझी जाऊ रजेवर होती. आईनं एक गुटी तिला दिली आणि एक मला.

दोन्ही सारख्या नव्हत्या. एक अंगठ्याएवढी जाड, चार बाजूंनी पानं, चिंधीतून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती. दुसरी काडीसारखी, टोकाला जेमतेम हिरवं. मी हात पुढं केला होता. आईनं जाड गुटी जावेच्या हातात ठेवली.

जावेदेखत आईला काय विचारणार. रात्री जेवताना आईला मी दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही, एवढंच. तिच्या ते लक्षातही आलं नाही. पण एक गोष्ट मी त्याच दिवशी मनात धरली. माहेरचा अनंत आता गेला होता. आई पुढच्या वेळी माझ्याकडं राहायला येईल तेव्हा तिच्या देवाला जे फूल जाईल ते माझ्या झाडाचं असेल. जावेच्या नाही. जाड गुटी असो नाहीतर खांब असो.

म्हणून मी त्या काडीचे असे लाड केले की पोटच्या पोरांचे केले नसतील. भावाला सांगून शेतातली काळी माती मागवली. घरची माती, कापूस पिकवणारी, हातात घेतली की लोणी. रंगाचा रिकामा मोठा डबा घेतला, खाली खिळ्यानं भोक पाडलं, काठोकाठ काळी माती भरली आणि काडी लावली. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून डब्याखाली जुनी परात ठेवली. जावेनं काय केलं? एक कानतुटकी मातीची कुंडी होती, तळाला फुटक्या फरशीचे तुकडे टाकले, आणि गल्लीतल्या रस्त्याच्या कामाचा उरलेला मुरूम घमेल्यानं वर आणून त्यात थोडं शेणखत कालवलं. मी विचारलं, मुरमात कुठं अनंत येतो का? ती म्हणाली, "ताई, माती आणायला कोण जातंय. आलं तर आलं." मला मनातून लई बरं वाटलं.

आता आमच्या नळाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं. बीडमध्ये नळ रोज येत नाही. किती दिवसांनी येईल ते विचारू नये. आला की सगळी गल्ली जागी होते, मोटारी सुरू होतात, पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या, जे भरता येईल ते भरलं जातं. आणि आमच्याकडं एक रीत आहे. नवं पाणी आलं की त्या क्षणी जुनं पाणी शिळं होतं. काल त्याच पिंपातून आपण प्यालो, त्याला काही झालेलं नाही, पण नळाची धार सुरू झाली की ते शिळं. शिळं पाणी पोटात घ्यायचं नाही, आणि गटारात ओतायची तर हिंमत होत नाही. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली माणसं आम्ही. मग ते जातं कुठं? झाडांना. मी बादल्यांवर बादल्या जिना चढवून नेत असे आणि माझ्या सगळ्या कुंड्या तुडुंब करत असे. खालची परातही भरून जायची. वाटायचं, पुण्य लागलं. थेंब वाया गेला नाही.

जाऊ नळाच्या दिवशी शाळेत असायची. तिचं शिळं पाणी तिचा नवरा बाथरूममध्ये ओतून टाकायचा. मी त्याला एकदा बोललेही होते, पाण्याची काही किंमत आहे की नाही म्हणून.

पहिलं वर्ष माझ्या काडीनं साथ दिली. पानं आली, फांद्या फुटल्या. जावेचा अनंत त्याच्या दुप्पट झाला, पण माझाही होता, आणि या उन्हाळ्यात त्याला दोन-तीन कळ्या धरल्या. मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "श्रावण सरला की येते. डोळ्याचं आप्रेशन बी करायचंय तिथं." मोतीबिंदू पिकला होता तिचा. मी दिवस मोजत बसले.

आणि कळ्या पिवळ्या पडून गळल्या. त्यामागं पानं. खालची आधी, मग मधली. उरलेली दुपारची अशी लोंबायची की कुणालाही वाटावं, तहानलंय बिचारं. मी पाणी घातलं. संध्याकाळी बघितलं तर तसंच. आणखी घातलं. सकाळी पुन्हा मान टाकलेली. नळाचा दिवस आला तसं शिळं पाणी घातलं, आणि इतर झाडांच्या वाट्याचंही त्यालाच दिलं. दोऱ्यांच्या पलीकडं जावेचा अनंत पांढऱ्या फुलांनी भरला होता आणि वास माझ्या बाजूला येत होता. मला तो वास सोसेना. मी गच्चीवर नाकाला पदर लावून पाणी घालायला जाऊ लागले.

मग माझ्या मनात जे आलं तेही सांगते. वाटलं, ही काहीतरी टाकतेय. कपड्याच्या साबणाचं पाणी, नाहीतर भाताची गरम पेज. मी पाळत ठेवली. रविवारी ती वर गेली की मीही पापड उन्हात घालायच्या निमित्तानं वर. ती वह्या तपासत मधुमालतीखाली बसायची. माझ्या डब्याकडं तिनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या अनंताला काहीतरी होतंय का?" मी म्हणाले, पानगळ आहे. मग घरातून काळा दोरा आणून डब्याला बांधला. दृष्ट लागली असेल तर ती कुणाची, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

दोरा बांधूनही फरक पडेना तेव्हा भावाला फोन केला. आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली. तो म्हणाला, "माती वली हाय का कोरडी?"

"ओली आहे. रोज बघते."

"वली हाय तर पाणी कावून घालतीस?"

"सुकतंय म्हणून."

भाऊ म्हणाला, "आगं, पावसात कापसात पाणी तुंबलं की कापूस कसा मान टाकतो? रान चिखल आन झाड सुकलेलं. खाली मुळं कुजत्यात, मग वर पाणी चढंल कसं? मूळकूज हाय ती. भाईर काढ आन बघ. आन त्या डब्यात काळी माती तू घातलीस तवाच मला इचारायचं व्हतं. ती शेतात बरी. डब्यात तिचं डबकं व्हतंय."

लहानपणापासून मी कापूस मान टाकताना बघितला आहे. वडील चर काढून पाणी काढून द्यायचे तेही बघितलं आहे. पण ते शेत. डब्यातलं झाड पाण्यानं मरतं हे आमच्या बीडमध्ये कुणाच्या डोक्यात येणार? इथं झाडं पाण्यावाचून मरतात.

जाऊ शाळेत गेल्यावर मी गच्चीवर खताची रिकामी गोणी अंथरली, डबा आडवा केला आणि बुडाला थापट्या मारल्या. काळ्या मातीचा गच्च गोळा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर घाण. तुंबलेल्या मोरीची असते तशी. वरच्या मातीत चिलटं होती. खिळ्याचं भोक आतून लिंपून बंद झालं होतं, पाणी उतरायला वाटच नव्हती. मी माती धुवत गेले. मुळं काळी-तपकिरी, बोटात धरून ओढलं की वरची साल निघून हातात यायची आणि आत दोरा राहायचा. जिवंत मूळ पांढरं आणि कडक असतं. तशी एका बाजूला थोडी होती. मी गोणीवर बसून रडले. झाडासाठी रडले असं म्हणावंसं वाटतं, पण मला तेव्हा आईच्या देवापुढं जावेचं फूल दिसत होतं.

मग डोळे पुसून कामाला लागले. कात्री स्पिरिटनं पुसली आणि कुजलेलं सगळं कापलं, पांढरं लागेपर्यंत. दर वेळी कात्री पुन्हा पुसली. मुळं एवढीशी उरली तर वरचा पसारा ती पोसणार कशी, म्हणून फांद्याही अर्ध्यावर छाटल्या. झाड ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं आणि कृषी केंद्रात गेले. मूळकुजीवरचं बुरशीनाशक मागितलं.

दुकानदारानं विचारलं, "रान किती?"

"एक डबा."

"डबा म्हंजी?"

"कुंडी. अनंताची."

मागं दोन शेतकरी उभे होते, ते खाली बघू लागले. दुकानदारानं सगळ्यात लहान पुडी काढली, पाण्यात किती कालवायचं ते सांगितलं, हातमोजे घाला म्हणाला, आणि वर विचारलं, "बाई, एवढं कावून? नवं रोप आनायचं." नव्या रोपात माझी आई कुठून येणार होती.

पुढचं सगळ्यात अवघड होतं. काळी माती पुन्हा घालायची नव्हती. मुरूम हवा होता, आणि मुरमाचा उरलेला ढीग जावेच्या कोपऱ्यात होता. न विचारता घेतला असता, पण ते मला जमत नाही. संध्याकाळी ती आली तशी जिन्यातच गाठली.

"घ्या ना ताई. मी तर तो फेकूनच देणार होते," ती म्हणाली, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून घमेलं भरून द्यायला वर आली. माझ्या कापलेल्या झाडाकडं तिनं बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. जी वस्तू ती फेकणार होती ती मी मागून घेत होते, यात माझा तिळपापड झाला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

डब्याला या वेळी सळई तापवून चांगली पाच-सहा भोकं पाडली. तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम, थोडं जुनं शेणखत. मुळं औषधात बुडवून लावलं. परात काढून टाकली आणि डबा दोन विटांवर ठेवला, म्हणजे खालून हवा लागेल. सावलीत ठेवलं. त्यानंतर मी एक नेम केला: बोट दोन पेरं मातीत घालायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंतच. पुढचा नळ आला तेव्हा भरलेली बादली घेऊन मी सवयीनं जिना चढले आणि वरून परत उतरले. त्या पाण्यानं फरशी पुसली, ओटा धुतला, उरलेलं रस्त्यावरच्या कडुलिंबाला घातलं. हात आवरणं हे पाणी वाहण्यापेक्षा जड असतं. बाकीच्या कुंड्यांतही बोट घालून बघितलं तर गुलाबाच्या तळाला तीच घाण सुरू झाली होती. म्हणजे माझ्या गुलाबाला कळ्या कमी का, तेही कळलं. मी त्याच्याही परातीला रजा दिली.

भावानं शपथ पाळली नाही हे सांगायला नकोच. आई आली तीच म्हणत, "बुडवलंस म्हनं माज्या झाडाला."

माझ्या डब्यात तेव्हा वीतभर खुंट होता आणि त्याला नखाएवढी दोन पानं. आईचं ऑपरेशन झालं, ती काळा चष्मा लावून माझ्या देवघरापुढं बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ शाळेत जायच्या आधी खाली आली. तिच्या हातात वाटी, वाटीत अनंताची तीन फुलं. "मावशी, देवाला," म्हणाली. आईनं फुलं आधी डोळ्यांशी नेली. "माज्याच झाडाचा वास हाय," ती म्हणाली, आणि वाटीवरून हात फिरवत राहिली. मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होते. ती पोळी मी फाटेपर्यंत लाटली.

रोज वाटी येऊ लागली. आणि रोज दुपारी आई जिना चढून वर जाऊन बसू लागली, जावेच्या बाजूला, मधुमालतीखाली, तिच्या अनंतापाशी. शनिवारी जाऊ लवकर घरी असायची, तर दोघी मिळून कुंडी उकरायच्या. खाली मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. माझी आई. मी चहा घेऊन वर जायचे आणि म्हणायचे, आई, डोळ्यात माती जाईल, खाली चल. ती चहा प्यायची आणि तिथंच बसायची. माझ्या खुंटाजवळ ती एकदा गेली. वाकून मातीत बोट घातलं, पदराला पुसलं आणि परत गेली.

डोळा तपासून झाला, डॉक्टर म्हणाले आता हरकत नाही. आईनं लगेच पिशवी काढली. चकलांब्याला जायचं म्हणून ती पलंगावर बसून लुगड्याच्या घड्या घालत होती, आणि मला राहवलं नाही.

"आई, तू दोन गुट्या आणलत्या. चांगली तिला कावून दिलीस?"

आईनं आठवायला वेळ घेतला नाही. "दुसरीला मुळं धड फुटली नव्हती. जगंल का न्हाई, भरोसा नव्हता. ती मी लोकाच्या लेकीला कशी देऊ? मेली असती तर तिला वाटलं आसतं, म्हातारीनं मुद्दाम मरकं दिलं. तुला दिलं म्हंजी तू जपनार. आन मेलं आसतं तरी तू मलाच बोलली आसतीस. त्याला काय."

हे ऐकून दुसरी कुणी असती तर तिला गहिवरून आलं असतं. मला आलं नाही. मला एकदम आमचं चकलांब्याचं घर आठवलं. चुलीवरची करपलेली भाकरी मला, कारण मी घरची. पाहुण्यांच्या पोरींना फुगलेली, तव्यावरची. कान तुटलेला कप मला, आणि शेजारणीच्या लेकीला फुलांचा. आई प्रेमानंच द्यायची, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तेव्हाही माझं लक्ष दुसरीच्या ताटात असायचं.

"तरी मला चांगलीच पायजे व्हती," मी म्हणाले. माझे केस पिकलेत आणि माझा आवाज फ्रॉकातल्या पोरीचा निघाला.

"मग तवाच मागायची."

"आता मागते."

आईनं घडी मांडीवर ठेवली. काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "माग."

"दसऱ्यापर्यंत ऱ्हा. आन वर जाऊन तिच्या बाजूला बसायचं न्हाई. बसायचं तर माज्या बाजूला."

आई जरा विचारात पडली. "ऱ्हाते," ती म्हणाली. "पर तुज्या बाजूला बसायचं जमायचं न्हाई. सावली कुठं हाय तिथं?"

मी तिच्या पुढ्यातली पिशवी काढून घेतली आणि माळ्यावरची मोठी छत्री शोधायला गेले.